आधी प्रत, मग दुरुस्ती

मोडलेली वस्तू दुरुस्त करणे हे नेहमीच सत्कृत्य होय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. गळणारे छप्पर, बंद पडलेला पंप, उसवलेली पुस्तकबांधणी, यांपैकी कशालाही हात घालणाऱ्या माणसाचे आपण आभारच मानतो. परंतु संगणकाच्या बाबतीत एक प्रसंग असा येतो की, त्या वेळी तत्परतेने केलेली दुरुस्ती मूळ बिघाडाहून अधिक हानी करू शकते. संगणक नेहमीप्रमाणे सुरू होत नाही, काळ्या पडद्यावर काही पांढऱ्या ओळी उमटतात, आणि फाइल-व्यवस्थेत अनपेक्षित विसंगती आढळली असून तपासणी स्वहस्ते करावी, असे यंत्र सांगते. हाच तो प्रसंग. या वेळी काय करावे व काय करू नये, यासंबंधी एक निश्चित मत येथे मांडावयाचे आहे. ते मत असे की, ज्या डिस्कवर आपली माहिती एकमेव स्वरूपात आहे, त्या डिस्कवर दुरुस्तीची आज्ञा प्रथम कधीही चालवू नये. प्रथम तिची संपूर्ण प्रत घ्यावी, आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करावी.

प्रस्तुत लेखकाने हा प्रसंग एकदा जवळून पाहिला आहे. एका लहान सार्वजनिक ग्रंथालयात सूचीची व देवघेवीची सर्व नोंद एकाच संगणकावर होत असे. संगणक आल्यावर कागदी दाखल-नोंदवही भरणे हळूहळू बंद पडले होते. पावसाळ्यातील एका रात्री वीज अनेकदा गेली आणि आली. सकाळी यंत्र अर्ध्या वाटेवर थांबले. बोलाविलेला तंत्रज्ञ कुशल होता, पण घाईत होता. यंत्राने विचारलेल्या पहिल्या दहा-बारा प्रश्नांना त्याने एकेक करून ‘होय’ म्हटले, मग उरलेल्या सर्वांना एकदमच ‘होय’ म्हणणारा पर्याय दिला, आणि अर्ध्या तासात संगणक सुरू झाला. चहा झाला, आभार झाले. सूचीची आज्ञावली मात्र उघडेना. तेव्हा त्याने त्याच डिस्कवर सर्व काही नव्याने बसविले. राखीव प्रत होती. परंतु तीही त्याच डिस्कवर होती. ग्रंथपालबाईंनी पुढील कित्येक महिने कपाटांपुढे बसून एकेक पुस्तक पुन्हा नोंदविले. कोणते पुस्तक कोणाकडे गेले होते, ही नोंद परत आली नाही. बिघाडाने जे नेले नव्हते ते दुरुस्तीने नेले.

यात त्या तंत्रज्ञास दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. ‘संगणक सुरू करून द्या’ असे त्यास सांगण्यात आले होते आणि ते त्याने केले. ‘नोंदी वाचवा’ असे कोणी म्हटलेच नव्हते. ही दोन कामे एकच आहेत, असे सर्वांनी गृहीत धरले होते. ती एक नाहीत, हे समजण्यासाठी फाइल-व्यवस्थेची रचना थोडी पाहिली पाहिजे.

डिस्कवरील ग्रंथालय

ग्रंथालयाशी परिचित असलेल्या वाचकास ही रचना अवघड वाटू नये. डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक प्रचंड मांडणी होय. लिनक्स प्रणालीवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्स्ट-४ या फाइल-व्यवस्थेत असा प्रत्येक खण, म्हणजे ब्लॉक, बहुधा ४,०९६ बाइटांचा असतो. एखादे छायाचित्र वा हिशेबाचा तक्ता अशा अनेक खणांत विभागून ठेवलेला असतो. कोणती फाइल कोणत्या खणांत आहे, तिचा आकार किती, ती शेवटी केव्हा बदलली, ही माहिती आयनोड नावाच्या निराळ्या नोंदीत असते. ग्रंथालयातील सूचिपत्राचे काम ती करते. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. फाइलचे नाव आयनोडमध्ये नसते. ते फोल्डरच्या यादीत असते. त्या यादीत नाव व त्यापुढे आयनोडचा क्रमांक, एवढेच लिहिलेले असते. म्हणून फोल्डरची यादी नष्ट झाली, तर फाइलचा मजकूर सुरक्षित राहूनही तिचे नाव जाऊ शकते.

या साऱ्यांच्या वर एक प्रमुख नोंद असते, तिला सुपरब्लॉक म्हणतात. एकूण खण किती, प्रत्येक खणाचा आकार किती, व्यवस्था नीट बंद केली होती किंवा नाही, हे तीत लिहिलेले असते. विभागाच्या आरंभापासून १,०२४ बाइट सोडून ती सुरू होते. ती खराब झाली तर यंत्रास संपूर्ण डिस्क अनोळखी वाटते. तथापि रचनाकारांनी तिच्या प्रती इतरत्रही ठेवल्या आहेत; ४,०९६ बाइटांचे खण असतील तर नेहमीच्या मांडणीत पहिली प्रत ३२,७६८ व्या खणात सापडते. यास्तव ‘डिस्क ओळखता येत नाही’ हा संदेश म्हणजे सर्वनाश नव्हे.

एक फाइल लिहिताना यंत्रास अनेक ठिकाणी नोंदी बदलाव्या लागतात. त्यांपैकी दोन बदल झाले आणि तिसऱ्यापूर्वी वीज गेली, तर नोंदी परस्परांशी जुळत नाहीत. १९९३ साली आलेल्या एक्स्ट-२ व्यवस्थेत अशा वेळी सर्व डिस्क आरंभापासून तपासावी लागे. २००१ साली लिनक्सच्या गाभ्यात आलेल्या एक्स्ट-३ ने यावर जो उपाय आणला, तो आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहावा आणि मग खतावणीत चढवावा, हाच तो उपाय. फाइल-व्यवस्थेच्या या रोजकीर्दीस जर्नल म्हणतात. मध्येच वीज गेली तर पुढील वेळी यंत्र कीर्द वाचते, पूर्ण लिहिलेले व्यवहार खतावणीत चढविते आणि अर्धवट राहिलेले सोडून देते. २००८ साली स्थिर म्हणून जाहीर झालेल्या एक्स्ट-४ मध्येही हीच पद्धत आहे.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. केवळ वीज जाण्याने होणारा घोटाळा बहुतेक वेळा कीर्दच निस्तरते, आणि ते आपणांस कळतही नाही. एवढे असूनही यंत्र थांबून मदत मागत असेल, तर कारण अनेकदा अधिक खोल असते. डिस्क झिजत आलेली असते, स्मृतीचा भाग सदोष असतो, किंवा एखादी तार सैल झालेली असते. ज्या डिस्कचे आयुष्य संपत आले आहे तिच्यावर दुरुस्तीसाठी हजारो नव्या नोंदी लिहिणे म्हणजे आजारी माणसास बरे करण्यासाठी डोंगर चढावयास लावणे होय.

ताळा जुळला म्हणजे पैसे सापडले असे नव्हे

फाइल-व्यवस्था तपासणाऱ्या आज्ञावलीस एफएससीके असे नाव आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल प्रयोगशाळेतील टी. जे. कोवाल्स्की यांनी ती युनिक्स प्रणालीसाठी लिहिली. तिचे वारसदार आज जगभर चालतात. एक्स्ट कुळातील व्यवस्थांसाठी असलेली आज्ञावली पाच फेऱ्यांत काम करते. पहिल्या फेरीत ती प्रत्येक आयनोड व त्याचे खण तपासते. दुसऱ्या फेरीत फोल्डरांच्या याद्या. तिसऱ्या फेरीत प्रत्येक फोल्डर मूळ फोल्डरशी जोडलेले आहे की नाही, हे पाहते. चौथ्या फेरीत प्रत्येक आयनोडास किती नावे आहेत, हे मोजते. आणि पाचव्या फेरीत मोकळ्या व भरलेल्या खणांचे एकंदर हिशेब जुळविते.

ही आज्ञावली विलक्षण उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु तिचे काम हिशेबतपासनिसाचे आहे. वहीतील एक नोंद दुसरीशी जुळावी, एवढेच ती पाहते. निबंध कोणाचा, गुणपत्रक खरे कोणते, हे तिला ठाऊक नसते आणि असणे शक्यही नाही. एक उदाहरण घेऊ. दोन फाइली एकाच खणावर हक्क सांगत आहेत असे पहिल्या फेरीत आढळले, तर आज्ञावली त्या खणाची दुसरी प्रत करून दोघींना एकेक देऊ करते. विसंगती मिटते. पण त्या खणातील मजकूर मुळात एकीचाच होता. दुसरीच्या पोटात आता परक्याचा मजकूर आहे, आणि याची खूण कोठेही उरत नाही. दुसरे उदाहरण असे: यादीत नाव आहे, परंतु ज्या आयनोडाकडे ते बोट दाखविते तो रिकामा आहे. आज्ञावली विचारते, हे नाव पुसू काय? ‘होय’ म्हणताच यादी स्वच्छ होते, आणि त्या नावाची फाइल येथे होती याचा पुरावाही त्याबरोबर जातो. तिसरे उदाहरण बिननावी फाइलींचे. त्यांना ‘लॉस्ट-फाउंड’, म्हणजे हरवले-सापडले, या फोल्डरात ठेवले जाते, आणि नावाच्या जागी केवळ क्रमांक घातला जातो. वर सांगितलेल्या ग्रंथालयात अशा क्रमांकांच्या शेकडो फाइली त्या फोल्डरात पडल्या होत्या. त्या पाहण्यापूर्वीच डिस्क पुसली गेली.

तीनही उदाहरणांत आज्ञावलीने काही चूक केली नाही. नोंदी सुसंगत करणे हे तिचे काम, आणि ते तिने केले. चूक होते ती आपली; कारण सुसंगत म्हणजे सुरक्षित, असे आपण मानून चालतो.

यंत्र प्रश्न का विचारते?

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. ‘हजारो संगणक रोज आपोआप दुरुस्त होतात, त्यात एवढे भिण्यासारखे काय?’ हा आक्षेप निराधार नाही. संगणक सुरू होताना जी आपोआप तपासणी होते ती निर्धोक दोष खरोखरच निर्धोकपणे दूर करते, आणि तिला कोणी अडवू नये. परंतु याच तपासणीची मर्यादा तिच्या कर्त्यांनी स्वतः आखून दिली आहे. ज्या दोषाच्या बाबतीत माणसाच्या निर्णयाची गरज पडू शकते, तो आढळताच ती दोषाचे वर्णन करते आणि थांबते. म्हणजे पडद्यावर प्रश्न उमटतो, तेव्हा यंत्राने निर्णय घेण्याचे नाकारलेले असते. अशा वेळी ‘सर्व प्रश्नांना होय’ हा पर्याय देणे म्हणजे ज्याने निर्णय आपल्यावर सोपविला, त्याच्याकडेच तो न वाचता परत ढकलणे होय. हा पर्याय निषिद्ध आहे असे नव्हे. हाताशी प्रत असेल तर तो अवश्य वापरावा, कारण शेकडो प्रश्नांना एकेक उत्तर देणे कोणालाही शक्य नसते. प्रत नसताना मात्र तो वापरू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. परीक्षेचे निकाल लागावयाचे आहेत, वाचक दारात उभे आहेत. प्रत घेण्यास वेळ कोठून आणावा? हिशेब करून पाहू. सुस्थितीतील डिस्क सेकंदास १५० मेगाबाइट या गतीने वाचता आली, तर एक टेराबाइटाची प्रत सुमारे दोन तासांत होते. जुन्या यूएसबी-२ जोडणीवरून तीच आठ-नऊ तास घेईल, म्हणजे रात्रभर चालू ठेवावी लागेल. एका बाजूस एक रात्र आणि दुसऱ्या बाजूस कित्येक वर्षांच्या नोंदी असतील, तर निवड कठीण नसावी.

कामाचा क्रम

प्रत्यक्ष कामाचा क्रम आम्ही असा सुचवितो. प्रथम थांबावे. ‘पुन्हा एकदा चालू करून पाहू’ या मोहाने यंत्र दहा वेळा सुरू केल्यास प्रत्येक वेळी डिस्कवर काही ना काही लिहिले जाऊ शकते. पडद्यावरील संदेश जसाच्या तसा उतरवून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे. नंतर लिनक्सची सुटी प्रणाली असलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. चालू असलेल्या, लेखनासाठी जोडलेल्या फाइल-व्यवस्थेची दुरुस्ती तिच्याच पोटात बसून करता येत नाही. तसे केल्यास चांगली व्यवस्थाही बिघडते.

त्यानंतर बिघाड खरोखर फाइल-व्यवस्थेचा आहे काय, हे पाहावे. डिस्क पूर्ण भरली असेल, प्रारंभक आज्ञावली खराब झाली असेल, अथवा काढून नेलेल्या दुसऱ्या डिस्कचा उल्लेख नोंदीत राहिला असेल, तरीही संगणक सुरू होत नाही. आणि या सर्व प्रकारांत फाइल-व्यवस्था धडधाकट असू शकते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, जिला स्मार्ट म्हणतात, तीही वाचावी. बदललेल्या वा बदलण्यासाठी वाट पाहणाऱ्या खराब जागांची संख्या वाढत असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर वीज बंद करून काम तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे सोपवावे. घरगुती प्रयत्नांची सीमा तेथे संपते.

आता प्रत घ्यावयाची. या कामी डीडी-रेस्क्यू नावाची मुक्त आज्ञावली उत्तम आहे. ती आधी सहज वाचता येणारे भाग उतरवून घेते आणि अवघड जागांकडे नंतर वळते. शिवाय काय वाचले व काय राहिले याचा नकाशा लिहून ठेवते, त्यामुळे मध्येच थांबलेले काम पुढे चालविता येते. येथे सर्वांत मोठा धोका यंत्राचा नसून माणसाचा आहे: कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, हा क्रम उलटा टंकला गेला तर रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर चढते. म्हणून हे काम दोघांनी करावे. एकाने डिस्कचा आकार व अनुक्रमांक मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने ताडून पाहावा, आणि मगच कळ दाबावी.

‘केवळ वाचनासाठी’ या शब्दांनीही फसू नये. एक्स्ट-३ किंवा एक्स्ट-४ व्यवस्था वाचनासाठी जोडली, तरी राहिलेली कीर्द खतावणीत चढविण्यासाठी यंत्र डिस्कवर लिहू शकते. ते टाळावयाचे असेल तर कीर्द न उघडण्याचा ‘नोलोड’ हा पर्याय सोबत द्यावा लागतो. मूळ डिस्क न जोडता तिची प्रत घेऊन ती बाजूस ठेवणे हे याहून बरे.

प्रत हाती आल्यावर महत्त्वाच्या फाइली तिच्यातून आधी बाहेर काढाव्यात. मग तपासणीच्या आज्ञेस ‘एन’ हे अक्षर जोडून ती चालवावी. त्या स्थितीत ती सर्व प्रश्नांना स्वतःच ‘नाही’ म्हणते आणि काहीही न बदलता दोषांची यादी देते. कीर्द चढविलेली नसल्यामुळे ही यादी वास्तवाहून लांब दिसू शकते. तिने घाबरून जाऊ नये. त्यानंतर प्रतीवर खरी दुरुस्ती करावी, आज्ञावलीचे सर्व म्हणणे एका फाइलीत साठवावे, आणि तपासणी पुन्हा चालवावी. दुसऱ्या वेळी एकही दोष निघू नये. शेवटी हरवले-सापडले फोल्डर उघडून एकेक फाइल मजकुरावरून ओळखावी. सूचीसारख्या माहितीसंग्रहाच्या बाबतीत जुळविलेल्या फाइलींपेक्षा निराळ्या जागी ठेवलेली पूर्ण राखीव प्रत अधिक विश्वसनीय मानावी.

एका अक्षराचे महत्त्व किती, याचे एक उदाहरण सांगणे अगत्याचे आहे. सुपरब्लॉकच्या प्रती कोठे आहेत हे शोधण्यासाठी पुष्कळदा नवी फाइल-व्यवस्था निर्माण करणारी आज्ञाच ‘एन’ अक्षरासह वापरण्यास सांगतात. त्या अक्षरामुळे ती निर्मिती न करता केवळ जागा सांगते. ते अक्षर विसरल्यास ती जुन्या व्यवस्थेवर खरोखरच नवी व्यवस्था लिहू लागते. प्रतीवर काम करणाऱ्यास ही चूक एका रात्रीस पडेल. मूळ डिस्कवर करणाऱ्यास सर्वस्वास.

हे तत्त्व एका प्रणालीपुरते नाही. विंडोजमधील चेक-डिस्क ही आज्ञा नुसती दिली तर केवळ पाहणी करते. ‘एफ’ अक्षर जोडले की लिहू लागते, आणि ‘आर’ जोडले की खराब जागांच्या शोधात सर्व डिस्क वाचून काढते, जे मरणोन्मुख डिस्कला झेपेलच असे नाही. एक्सएफएस व्यवस्थेची दुरुस्ती-आज्ञा कीर्द शिल्लक असल्यास काम नाकारते, आणि कीर्द फेकून देण्यास निराळे अक्षर मागते. नावे बदलली तरी पाहणे व लिहिणे यांतील भेद सर्वत्र तोच आहे.

संस्थांचे कर्तव्य

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे, असे शाळांनी व ग्रंथालयांनी समजू नये. केरळातील शासकीय शाळांत लिनक्सवर आधारलेली प्रणाली अनेक वर्षे वापरात आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय-संस्थेसाठी तयार होऊन २००० साली सुरू झालेली कोहा ही मुक्त ग्रंथालय-आज्ञावली भारतातील कित्येक ग्रंथालयांत चालते. म्हणजे आपल्या दाखल-नोंदवह्या, गुणपत्रके व देवघेवीच्या याद्या आज अशाच फाइल-व्यवस्थांच्या पोटात आहेत. नोंदवहीस वाळवी लागू नये म्हणून आपण कपाटात औषध ठेवीत होतो. तेवढीच काळजी येथे घ्यावयाची आहे, आणि तिचा खर्चही फार नाही.

प्रत्येक संस्थेने मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी एक रिकामी डिस्क कपाटात ठेवावी. सुटी प्रणाली असलेला पेनड्राइव्ह तयार करावा आणि तो चालतो याची खात्री आधीच करून घ्यावी. रोजची राखीव प्रत त्याच यंत्रावर न ठेवता दुसऱ्या इमारतीत पोहोचेल अशी तजवीज करावी. वर्षातून एकदा जुन्या संगणकावर मुद्दाम बिघाड करून तो दुरुस्त करण्याचा सराव करावा. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस याहून चांगला विज्ञानपाठ क्वचितच मिळेल. आणि तंत्रज्ञास बोलाविताना ‘संगणक सुरू करून द्या’ असे न म्हणता ‘आधी माहितीची प्रत घ्या, मग संगणकाचे पाहू’ असे स्पष्ट सांगावे, शक्य तर लिहून द्यावे. त्याच्या कामाची किंमत किती मिनिटांत यंत्र चालू झाले यावर न ठरविता किती नोंदी शाबूत राहिल्या यावर ठरवावी.

उल्लेखिलेल्या ग्रंथालयात आता कागदी दाखल-नोंदवही पुन्हा भरली जाते, आणि संगणकाशेजारी भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर ग्रंथपालबाईंनी स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहिल्या आहेत: थांबा. प्रत घ्या. मग विचारा. इतर संस्थांनी हा पुठ्ठा नुकसान होण्यापूर्वीच टांगावा, एवढीच या लेखकाची विनंती आहे.